आईच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन कोणतं करायचं, हे तिला न विचारता घरच्यांनी ठरवावं का?

तुम्ही लिहिलंय की आई ५६ वर्षांची, उजव्या स्तनात गाठ, बायोप्सीत कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, पूर्ण स्तन काढता येईल, नाहीतर नुसती गाठ काढून रेडिएशन देता येईल. घरी बोलून सांगा. बाबा आणि मामांचं म्हणणं, तिला यात घेऊ नका, ती हाय खाईल, आपणच ठरवून टाकू.

तिला विचारा. आधी तिला, मग बाकीच्यांना. मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून इतक्या कळकळीनं सांगते.

२०१६ साली माझी गाठ निघाली तेव्हा मी ४४ वर्षांची होते. केबिनमध्ये माझे मिस्टर आणि थोरले दीर गेले, मी बाहेर बाकावर. फाईल त्यांच्याकडे, माझ्या मांडीवर डब्याची पिशवी. दाराला अर्धी काच होती, तिच्यातून दिरांची मान हलताना दिसत होती. वीसेक मिनिटांनी दोघं बाहेर आले आणि म्हणाले, "काही नाही, छोटं ऑपरेशन आहे. सोमवारी करून टाकू." घरात कॅन्सर हा शब्द कुणी काढला नाही. पण दवाखान्याच्या पाटीवर तो हातभर अक्षरांत लिहिलेला होता आणि मला वाचता येतं. रविवारी रात्री सिस्टर इंग्रजीतला कागद घेऊन आली. "ताई, इथं सही." मी केली.

शुद्धीवर आले तर उजवा स्तन पूर्ण काढलेला, काखेतल्या १६ ग्रंथीसुद्धा. पुढे रिपोर्ट आला, १६ च्या १६ स्वच्छ, एकीतही कॅन्सर नव्हता.

ह्यांच्यावर माझा राग नाही. माझ्या ड्रेनच्या, म्हणजे जखमेतलं पाणी नळीतून जमा होतं त्या, बाटल्या हे स्वतः रिकाम्या करायचे, किती मिली निघालं ते वहीत लिहायचे, रात्री दोन दोनदा उठून बघायचे. जीव लावण्यात काही कमी नव्हतं. पण डॉक्टरांनी त्यांना विचारलं होतं, "पेशंट काय करतात?" आणि हे म्हणाले, "काही नाही, घरीच असते." मी तेव्हा १८ वर्षं घरी ब्लाऊज शिवत होते. लग्नसराईत दिवसाला सहा सहा. ह्यांनी मुद्दाम काही लपवलं नाही, त्यांच्या लेखी ते घरीच असणं होतं.

काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढल्या की काही बायकांचा तो हात सुजतो, आणि हा धोका पुढे कायम राहतो. माझा सुजला. दर रविवारी मी माझाच इंची टेप लावून हात मोजते. कोपराखाली डाव्यापेक्षा दीड इंच जास्त. उजव्या हातात बांगडी चढत नाही. स्वतःच्या ब्लाऊजची उजवी बाही मी वेगळी, सैल कापते. मोठी कात्री दहा मिनिटांवर धरवत नाही, म्हणून कापायला एक मुलगी ठेवली आहे, अर्धी कमाई तिच्याकडे जाते.

तीन वर्षांनी एका ओळखीच्या बाईंसोबत पुण्याला गेले होते, तेव्हा कळलं की काखेत गाठी हाताला लागत नसतील तर स्तनात निळा रंग टोचून तो आधी पोचतो त्या पहिल्या दोन-चार ग्रंथीच काढून तपासता येतात. त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावत नाहीत, मग सुजेचा धोकाही बराच कमी होतो. ती सोय सगळीकडे नसते, हे मला मान्य आहे. पण मी आत असते तर एवढं तरी म्हणाले असते, "डॉक्टर, माझं पोट या हातावर आहे." मग त्यांनी वेगळा विचार केला असता किंवा मला दुसरीकडे पाठवलं असतं. तो विषय निघालाच नाही, कारण काढणारी बाहेर बाकावर बसली होती.

आता बाबांच्या मनात जे असेल त्याबद्दल. "पूर्ण काढून टाकलं की धोका गेला," असंच बहुतेकांना वाटतं. इटलीत उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर या दोन सर्जननी १९७० च्या दशकात नेमकं हेच तपासायला घेतलं. काही बायकांचा पूर्ण स्तन काढला, काहींची गाठ आणि तिच्याभोवतीचा भाग काढून रेडिएशन दिलं, आणि सगळ्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. दोघांचेही २० वर्षांचे निकाल २००२ साली आले. वेरोनेसींच्या पाहणीत ७०१ बायका होत्या, सगळ्यांच्या गाठी २ सेंटिमीटरच्या आतल्या. जगण्यात फरक निघाला नाही. त्याच जागी पुन्हा गाठ येण्याचं प्रमाण मात्र स्तन राखलेल्यांत शेकडा ९ च्या आसपास होतं आणि पूर्ण काढलेल्यांत शेकडा २ च्या. फिशर यांच्या पाहणीत नुसती गाठ काढलेल्यांचा तिसरा गटही होता. त्यात गाठ काढून रेडिएशन न घेतलेल्यांपैकी शेकडा ३९ जणींना त्याच स्तनात पुन्हा गाठ आली, घेतलेल्यांत शेकडा १४ जणींना. म्हणजे स्तन राखायचा तर रेडिएशन चुकवून चालत नाही.

हे आकडे आईला सांगा, साध्या भाषेत. दोन्ही वाटांनी आयुष्य तेवढंच मिळणार असेल, तर पुढे उरतं ते तिचं तिलाच ठाऊक. आरशात बघताना तिला काय वाटेल, पुन्हा गाठ येईल या धास्तीनं झोप उडेल का, रेडिएशनला रोज जाणं-येणं झेपेल का. यातलं काहीच मामांना सांगता येणार नाही.

आणि स्तन राखणं म्हणजेच बरोबर, असंही मी म्हणत नाही. माझ्या ओळखीच्या एका बाईंना दोन्ही पर्याय नीट समजावून सांगितले होते. त्यांच्या गावाहून रेडिएशनचं मशीन तीन तासांवर, घरी चार म्हशी, मुलगी दहावीला. त्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी सांगितलं, "पूर्ण काढा." आज त्या समाधानात आहेत. माझं जे ऑपरेशन झालं तेच त्यांचंही, पण त्या ते बोलून दाखवतात, हसत सांगतात. मला कित्येक वर्षं ते कुणाशी बोलता आलं नाही.

मात्र एक गैरसमज काढून टाका. पूर्ण स्तन काढला की रेडिएशन लागतच नाही, असं नसतं. गाठ मोठी असेल किंवा काखेत पसरलं असेल तर तरीही लाईट, म्हणजे हेच रेडिएशन, घ्यावी लागते. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा, आईच्या बाबतीत पूर्ण काढल्यावर ती टळेल का. किती दिवस घ्यावी लागेल, हेही विचारा. पूर्वी पाच आठवडे चालायचं, आता बऱ्याच ठिकाणी तीन आठवड्यांत होतं, आणि २०२० साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीचे निकाल आल्यापासून काही जणींना एका आठवड्यातही देतात. जाण्या-येण्याचं गणित यानं पार बदलतं.

बाईला न विचारता ठरवायची रीत फक्त आपल्याकडची नव्हती. अमेरिकेतही १९७० च्या दशकापर्यंत बाईला भूल द्यायचे, गाठीचा तुकडा तपासायचे, कॅन्सर निघाला तर त्याच भुलेत स्तन काढायचे. जाग आल्यावर तिला कळायचं. रोझ कुशनर नावाच्या पत्रकार बाईंना १९७४ साली गाठ निघाली तेव्हा त्या याविरुद्ध उभ्या राहिल्या. १९७९ साली तिथल्या तज्ज्ञांच्या समितीनंही म्हटलं की आधी तपासणी, मग बोलणं, मग ऑपरेशन. त्या समितीत त्या स्वतः होत्या. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली खटल्यात १६ जानेवारी २००८ रोजी निकाल दिला. तो खटला गर्भाशयाच्या ऑपरेशनचा होता. बाई भुलेत असताना तिच्या आईची सही घेतली होती. न्यायालयानं सांगितलं की रुग्ण सज्ञान असेल, तातडीचा प्रसंग नसेल, तर संमती तिचीच हवी, आणि ती देण्याआधी तिला पर्याय आणि धोके कळायला हवेत. बाबांना हेही सांगा.

राहिलं तिच्या घाबरण्याचं. ती आताही घाबरलेलीच आहे. घरात कुजबुज चालते, ती खोलीत आली की सगळे गप्प होतात, हे तिला दिसतंय. मी बाकावर बसून जे जे मनात आणलं ते खऱ्यापेक्षा वाईट होतं. आज जेवणं झाली की टीव्ही बंद करा, तिच्याशेजारी बसा आणि आधी एवढंच विचारा: "आई, तुला सगळं जाणून घ्यायचंय का?" ती म्हणाली, "मला नको बाई, तुम्हीच बघा," तर तेही चालेल. तो तिचा कौल. पण तो तिच्या तोंडून येऊ दे.

घाई करू नका. विचार करायला आठ-दहा दिवस घेतले तर सहसा काही बिघडत नाही, तरी डॉक्टरांना विचारून घ्या. दुसरं मत हवं असेल तर मुंबईत परळला टाटा मेमोरियल या कॅन्सरच्या दवाखान्यात जाता येईल. जाताना बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाईड (काढलेला तुकडा मेणात आणि काचेवर जपून ठेवतात तो) मागून न्या, नुसता कागद पुरत नाही. खर्चाची चिंता असेल तर तो दवाखाना महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे का, ते आधीच बघा.

पुढच्या वेळी केबिनमध्ये डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत आईला बसवा. तुम्ही बाजूला वही घेऊन बसा. आई दिवसभर काय काय करते, उजव्या हातानं काय करते, हे तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही. ते डॉक्टरांना तिलाच सांगू द्या.