‘जॉन ॲडम्स’ मालिकेच्या सहाव्या भागात शेवटपर्यंत युद्ध होतच नाही. मग त्यात पाहण्यासारखं काय आहे? आणि दाखवलंय ते कितपत खरं?

तुम्ही लिहिलंय की पहिले तीन भाग एका बैठकीत संपवलेत, आणि सहाव्याला मात्र दोनदा डुलकी लागली. सगळे नुसते फ्रान्सशी युद्ध, फ्रान्सशी युद्ध करत बसतात आणि शेवटी काहीच घडत नाही. तक्रार खोटी नाही, पण मला संपूर्ण मालिकेत हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो, आणि तो नेमका त्या ‘काहीच घडत नाही’मुळे. ॲडम्स हा अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष, आणि त्याच्या चार वर्षांच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी कामगिरी म्हणजे त्याने एक युद्ध होऊ दिलं नाही. आता न झालेलं युद्ध पडद्यावर दाखवायचं कसं? एचबीओच्या २००८ सालच्या या मालिकेत दिग्दर्शक टॉम हूपरला इथे ना बोस्टनची दंगल हाताशी होती, ना स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरचं मतदान. उरल्या त्या बंद खोल्या, मेणबत्त्या आणि ॲडम्सच्या भूमिकेतला चिडका पॉल जियामाटी.

मागची गोष्ट माहीत नसेल तर हा भाग खरंच डोक्यावरून जातो, म्हणून थोडक्यात सांगतो. १७९४ मध्ये अमेरिकेने ब्रिटनशी करार केला आणि फ्रान्स बिथरला. फ्रेंचांनी तीनशेहून अधिक अमेरिकन व्यापारी जहाजं पकडली. १७९७ मध्ये ॲडम्स राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हा हे घोंगडं त्याच्या गळ्यात आलं. त्याने तीन दूत पॅरिसला पाठवले, तर परराष्ट्रमंत्री तालेराँच्या माणसांनी बोलणी सुरू करण्याआधीच लाच मागितली, सुमारे अडीच लाख डॉलर! ही कागदपत्रं १७९८ च्या वसंतात छापून आली आणि अमेरिकेत एकच आगडोंब उसळला. त्या क्षणी ॲडम्सने युद्ध पुकारलं असतं तर लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं असतं.

आणि घरातच युद्ध हवं असणारे बसले होते. ॲडम्सने आधीच्या राष्ट्राध्यक्षाचं, म्हणजे वॉशिंग्टनचं, मंत्रिमंडळ जसंच्या तसं ठेवलं होतं. त्यातले पिकरिंग, मॅकहेन्री आणि वुलकॉट हे तिघे सल्ला घ्यायचे तो माजी अर्थमंत्री हॅमिल्टनचा, ज्याच्याकडे तेव्हा कुठलंही मंत्रिपद नव्हतं. तो न्यूयॉर्कमध्ये वकिली करत होता. उपराष्ट्राध्यक्ष जेफरसन तर थेट विरोधी गटाचा. तेव्हाचा नियमच तसा होता. १७९६ मध्ये ॲडम्सला राज्यांच्या निर्वाचकांची ७१ मतं पडली, जेफरसनला ६८, आणि दुसरा आला म्हणून तो उपराष्ट्राध्यक्ष. (ही गंमत १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने मिटवली.) म्हणजे पक्षातले युद्ध मागतात आणि शेजारी बसलेला माणूस फ्रान्सचा मित्र. नवी फौज उभी करायची ठरली, वॉशिंग्टनला सेनापती नेमलं, आणि वॉशिंग्टनने अट घातली की हाताखाली पहिला माणूस हॅमिल्टनच पाहिजे. ॲडम्सला ती गिळावी लागली. रूफस स्यूएलचा हॅमिल्टन जेव्हा त्या फौजेचे बेत ऐकवतो आणि जियामाटीच्या चेहऱ्यावरचे भाव हळूहळू बदलत जातात, तो प्रसंग पुन्हा एकदा बघा. भागाचं खरं युद्ध तिथे आहे.

१८ फेब्रुवारी १७९९ ला ॲडम्सने मंत्रिमंडळाला न विचारता सिनेटला कळवलं की शांततेच्या बोलणीसाठी मी फ्रान्सकडे नवा दूत पाठवतोय. स्वतःच्याच पक्षाच्या पोटात गोळा आला. वर्षभराने, मे १८०० मध्ये, त्याने मॅकहेन्री आणि पिकरिंग दोघांनाही घालवलं. हॅमिल्टनने ऑक्टोबरमध्ये त्याच्याविरुद्ध लांबलचक पत्रक काढून हिशेब चुकता केला. फ्रान्सशी तह ३० सप्टेंबर १८०० रोजी झाला, पण ती बातमी जहाजाने समुद्र ओलांडून यायची. निवडणुकीत उपयोग व्हावा इतक्या वेळेत ती आलीच नाही. जेफरसन आणि त्याच्याच पक्षाचा ॲरन बर यांना प्रत्येकी ७३ मतं, ॲडम्सला ६५. पुढे १८१५ मध्ये त्याने एका पत्रात लिहिलं की माझ्या थडग्यावर दुसरं काही नको, १८०० साली फ्रान्सशी शांततेची जबाबदारी ज्याने स्वतःवर घेतली तो जॉन ॲडम्स इथे आहे, एवढंच कोरा.

आता ‘कितपत खरं’चं उत्तर.

एक तर युद्ध अगदीच झालं नाही असं नाही. जाहीर झालं नाही, एवढंच. समुद्रावर दोन वर्षं चांगलीच जुंपली होती. एप्रिल १७९८ मध्ये नौदलाचं स्वतंत्र खातं निघालं, आणि फेब्रुवारी १७९९ मध्ये ‘कॉन्स्टेलेशन’ने ‘लँसुरजांत’ हे फ्रेंच लढाऊ जहाज पकडलं. मालिका हे जवळपास सोडूनच देते. खर्चाचा प्रश्न असेल, पण त्यामुळे ॲडम्स फक्त ‘नको नको’ म्हणणारा म्हातारा वाटतो. प्रत्यक्षात तो समुद्रावर लढत होता आणि जमिनीवरच्या फौजेला विरोध करत होता. तुम्हाला झोप आली त्यात या गाळलेल्या भागाचाही हात असावा.

माझी मोठी तक्रार मात्र राजद्रोहाच्या कायद्याबद्दल आहे. १७९८ च्या उन्हाळ्यात ॲडम्सने चार कायद्यांवर सह्या केल्या. परक्यांना हाकलण्याचे अधिकार, नागरिकत्वासाठी चौदा वर्षांची अट, आणि सरकारविरुद्ध लिहिलं-बोललं तर तुरुंग. मालिकेत हे सगळं एका अडचणीत सापडलेल्या भल्या माणसाची नाइलाजाची सही म्हणून येतं. ज्यांना ते भोगावं लागलं ते दिसत नाहीत. व्हर्माँटचा प्रतिनिधी मॅथ्यू लायन चार महिने तुरुंगात गेला, वर हजार डॉलर दंड, आणि मतदारांनी त्याला तुरुंगातूनच पुन्हा निवडून दिलं! बेंजामिन फ्रँकलिनचा नातू बेंजामिन बाख हा फिलाडेल्फियात वर्तमानपत्र चालवायचा. त्याला तर कायद्यावर सही होण्याआधीच अटक झाली आणि खटला उभा राहण्याआधीच पिवळ्या तापाने तो गेला. यातला एखादा चेहरा पाच मिनिटं दाखवला असता तरी चाललं असतं. ॲडम्सची बायको ॲबिगेल हिचं पात्र लॉरा लिनीने फार समजूतदार उभं केलंय, पण खऱ्या ॲबिगेलच्या पत्रांत अशा संपादकांचा बंदोबस्त व्हावा ही मागणी अगदी उघड आहे. तेवढा काळेपणा ठेवला असता तर दोघंही जास्त खरे वाटले असते.

ॲडम्सच्या मधल्या मुलाचं, चार्ल्सचं, प्रकरण बऱ्यापैकी खरं आहे. दारूचं व्यसन, थोरल्या भावाने गुंतवायला दिलेले पैसे बुडवणं, आणि ३० नोव्हेंबर १८०० रोजी न्यूयॉर्कमध्ये अवघ्या तिसाव्या वर्षी मृत्यू. पण बाप समोर उभा राहून मुलाला तोडतो तो प्रसंग पटकथेचा. खऱ्या ॲडम्सने ते शब्द ऑक्टोबर १७९९ मध्ये ॲबिगेलला पत्रात लिहिले. मला इथे मालिकेचा राग येत नाही. पत्र लिहिणारा माणूस दाखवून काय होणार होतं?

अर्धवट बांधलेलं, ओल्या भिंतींचं राष्ट्राध्यक्षांचं घरही (आजचं व्हाइट हाउस) खरं. ॲडम्स तिथे १ नोव्हेंबर १८०० ला राहायला गेला आणि चार महिन्यांत बाहेर पडला. ॲबिगेल ईस्ट रूममध्ये धुणं वाळत घालायची. खिडकीतून अर्धपोटी गुलाम राबताना पाहून तिने लिहिलेलं पत्रही उपलब्ध आहे. शेवटी तो सामान्य प्रवाशांबरोबर घोडागाडीत बसून जातो, त्यातले संवाद रचलेले वाटतात, पण ४ मार्च १८०१ च्या पहाटे, जेफरसनच्या शपथविधीला न थांबता तो शहर सोडून गेला हे पक्कं आहे.

एक करा. पाचवा भाग पाहून लगेच सहावा लावा, मध्ये दिवस जाऊ देऊ नका, कारण मंत्र्यांची ओळख पाचव्यात होते. आणि पाचव्यात ॲडम्स उपराष्ट्राध्यक्ष म्हणून सिनेटमध्ये ब्रिटनच्या करारावर निर्णायक मत टाकतो, त्यावर मात्र विश्वास ठेवू नका. तसं काही झालं नव्हतं. तो करार दोन-तृतीयांश मतांनीच संमत होणार होता, तिथे बरोबरी फोडायचा प्रश्नच येत नाही.