युद्धाचे निमित्त, सबब आणि हेतू

सोलापूरच्या एका वाचकभगिनींनी विचारले आहे की, 'संहारक शस्त्रास्त्रे हे इराक युद्धाचे निमित्त होते' या वाक्यात 'निमित्त' योग्य आहे, की तेथे 'कारण' किंवा 'सबब' हवे.

प्रत्यक्ष घडलेल्या ज्या गोष्टीमुळे आधीपासून साचत आलेले कारण उफाळून येते, तिला 'निमित्त' म्हणतात. आपल्याच किल्ल्याचे उदाहरण घेता येईल. बुऱ्हाण निजामशहाचा विवाह इस्माईल आदिलशहाच्या बहिणीशी १५२४ साली सोलापुरात झाला. आंदण म्हणून कबूल झालेला सोलापूरचा किल्ला आदिलशहाने दिला नाही आणि त्यावरून लढाई जुंपली. आंदण हे निमित्त खरे होते. मात्र दोन्ही राज्यांच्या सीमेवरचा हा मोक्याचा किल्ला दोघांनाही हवा होता, हे त्यामागचे कारण.

इराकमध्ये मार्च २००३च्या हल्ल्यानंतर कसून शोध घेऊनही त्या शस्त्रांचे साठे सापडले नाहीत. जे नव्हतेच ते निमित्त 'होत' नाही, ते निमित्त 'केले' जाते. मराठीने हा भेद क्रियापदावर सोपवला आहे आणि तो जपलाच पाहिजे, कारण 'निमित्त होते' असे लिहिताच, इराककडे अशी शस्त्रे आहेत हे अमेरिकी सरकारचे म्हणणे आपण नकळत वस्तुस्थिती म्हणून मान्य करतो. 'सबब' मात्र येथे चपखल बसते. मूळ अरबीत तिचा अर्थ 'कारण' एवढाच आहे. अर्जातल्या 'सबब विनंती की' या शब्दांत 'म्हणून' हा अर्थ आजही टिकून आहे, पण एरवी मराठीत सबब म्हणजे पुढे केलेले, न टिकणारे कारण.

एकाच प्रकरणात निमित्त आणि सबब दोन्ही असू शकतात. २ ऑगस्ट १९६४ रोजी टोंकिनच्या आखातात उत्तर व्हिएतनामच्या नौकांनी अमेरिकी युद्धनौकेवर हल्ला केला, हे निमित्त. ४ ऑगस्टचा म्हणून सांगितलेला दुसरा हल्ला झालाच नव्हता, ती सबब. अमेरिकी संसदेने ७ ऑगस्टला अध्यक्षांना लष्करी कारवाईची मुभा देणारा ठराव संमत केला, पण तशा ठरावाचा मसुदा त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच तयार झाला होता. येथे 'हेतू' हा शब्द लागतो, कारण हेतू घटनेच्या आधी, निर्णय घेणाऱ्याच्या मनात असतो.

म्हणूनच 'खरा हेतू' हे शब्द कागदोपत्री आधार असल्याशिवाय वापरू नयेत. इराकच्या बाबतीत सद्दाम हुसेन यांची राजवट जावी हे धोरण अमेरिकेने १९९८च्या कायद्यातच नोंदवले होते, जरी त्या कायद्याने युद्धाची परवानगी दिली नव्हती. तेल, प्रादेशिक वर्चस्व, ११ सप्टेंबरनंतरची भीती यांपैकी कशाचे वजन किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तेव्हा 'हेतू' अनेकवचनी घ्यावा.

आपले वाक्य मी असे लिहीन: 'संहारक शस्त्रास्त्रांची सबब पुढे करून अमेरिकेने इराकवर हल्ला केला.'