लष्कराने काढलेला राजदूत खुर्चीवर कसा?

प्रश्न : म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता बळकावली. तरी संयुक्त राष्ट्रांत जुन्याच सरकारचा राजदूत कसा राहिला? निर्बंधांनी काय साधलं?

उत्तर : म्यानमारचे संयुक्त राष्ट्रांतले राजदूत क्याव मो तुन यांनी २६ फेब्रुवारीला आमसभेत लष्कराविरुद्ध भाषण केलं, दुसऱ्याच दिवशी लष्कराने त्यांना बडतर्फ केलं. पण खुर्ची कोणाची, हे ठरवायची सुरुवात नऊ सदस्यांच्या अधिकारपत्र समितीपासून (देशांच्या प्रतिनिधींची नेमणूकपत्रं तपासणारी आमसभेची समिती) होते. दोन दावेदार आले की समिती निर्णय पुढे ढकलते आणि आधीचा माणूस बसून राहतो. लष्कराला मान्यता नाही, नकारही नाही. सोयीची पळवाट, दुसरं काय!

निर्बंधांचं म्हणाल, तर अमेरिकेने म्यानमार सरकारचे आपल्याकडचे सुमारे १ अब्ज डॉलर गोठवले, तो घाव लागला. सेनाधिकाऱ्यांवरची प्रवासबंदी मात्र बरीचशी दिखाऊ. खरा पैसा नैसर्गिक वायूचा. वायूचा हा धंदा सांभाळणाऱ्या सरकारी कंपनीवर युरोपीय संघाने हात टाकला तो फेब्रुवारी २०२२ मध्ये, म्हणजे वर्षभराने. शिवाय रशिया-चीनकडून शस्त्रं येतच राहिली.

लष्कराच्या बंडाविरुद्धच्या जून २०२१ च्या आमसभेच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. १६४३ किलोमीटरची सामाईक सीमा हे त्यामागचं मोठं कारण.