सासूबाईंसाठी डायरेक्ट पेमेंट घेऊन मराठी केअरर ठेवावी का?

प्रश्न: लेस्टरला एकट्या राहणाऱ्या सासूबाईंना कौन्सिलने (तिथल्या पालिकेने) आठवड्याला १४ तासांची मदत मंजूर केली आहे. एजन्सीच्या बायका सारख्या बदलतात, त्यांची भाषा सासूबाईंना कळत नाही. पैसे खात्यात घेऊन आपणच मराठी बाई ठेवली तर काय अडचणी येतात?

उत्तर: जरूर ठेवा. वयस्कर माणसाला आंघोळ घालणारी बाई ओळखीची आणि आपल्या भाषेत बोलणारी असणं ही चैन नव्हे. इंग्लंडमध्ये केअर ॲक्ट २०१४ प्रमाणे, अटी पूर्ण होत असतील तर डायरेक्ट पेमेंट, म्हणजे मदतीऐवजी तिचे पैसे, मागण्याचा हक्क आहे. पण त्या दिवसापासून सासूबाई कायद्याने केअररच्या मालक (एम्प्लॉयर) होतात, आणि बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

सही करण्याआधी कौन्सिल देणार असलेला ताशी दर तपासा. एप्रिल २०२६ पासून २१ किंवा त्याहून जास्त वयाच्या कामगाराला ताशी किमान १२.७१ पाउंड द्यावे लागतात. १४ तासांचे आठवड्याला १७७.९४ झाले. केअररला वर्षाला ५.६ आठवडे भरपगारी रजा द्यावीच लागते, आणि ती रजेवर असताना आंघोळ काही थांबत नाही. म्हणजे तेवढे आठवडे तिचा आणि बदलीवालीचा, दोघींचा पगार. वर्षाचे ५२ नव्हे, ५७.६ आठवडे धरा: साधारण १०,२५० पाउंड, मिळणाऱ्या मदतीच्या ताशी हिशेबाने १४.०८. कौन्सिलने १३ चा दर लावला तर वर्षाला जवळजवळ ७८५ पाउंड कमी पडतील. विमा, पेरोलची (पगाराचा हिशेब ठेवणाऱ्याची) फी आणि आजारपणाचा पगार यात धरलेलाच नाही. गरज भागेल एवढी रक्कम देणं कौन्सिलवर बंधनकारक आहे, म्हणून हा हिशेब कागदावर मांडून सोशल वर्करला ईमेलने पाठवा. किमान वेतन दर एप्रिलला वाढतं, कौन्सिलचा तुम्हाला मिळणारा दर आपोआप वाढेलच असं नाही.

एम्प्लॉयर्स लायबिलिटी विमा (कामावर केअररला इजा झाली तर भरपाईसाठी) किमान ५० लाख पाउंडांचा लागतो. तो नसेल तर दिवसाला २,५०० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. एचएमआरसीकडे (ब्रिटनच्या कर खात्याकडे) मालक म्हणून नोंदणी करा आणि पे-स्लिपचं काम पेरोलवाल्याकडेच द्या. ‘मी सेल्फ-एम्प्लॉइड आहे, पावती देते’ असं कोणी म्हणालं तर लगेच हो म्हणू नका. वेळ तुम्ही ठरवता, काम तुम्ही सांगता आणि तीच बाई यायला हवी असते. अशी व्यक्ती बहुधा नोकरच ठरते आणि मागचा कर मालकाच्या गळ्यात पडतो.

मराठी माणूस शोधताना इथे हमखास चूक होते ती व्हिसाची. पदवीचं शिक्षण घेणाऱ्या स्टुडंट व्हिसावरच्या मुलीला सत्र चालू असताना आठवड्याला सगळी कामं मिळून २० तासच करता येतात, आणि सेल्फ-एम्प्लॉइड म्हणून तर अजिबात नाही. तिची दुसरी पार्टटाइम नोकरी असेल तर ते तासही मोजा. पुण्याहून व्हिजिटर व्हिसावर आलेल्या मावशींना पगार देऊन ठेवता येत नाही. राइट टू वर्क, म्हणजे इथे काम करायची परवानगी आहे का याची, तपासणी पहिल्या दिवसाआधी करून तिची प्रत जपून ठेवा.

नात्यातल्यांचं म्हणाल तर त्याच घरात राहणाऱ्या सुनेला किंवा मुलीला काळजी घेण्याचा पगार देता येत नाही, कौन्सिलने खास गरज मान्य केली तरच. वेगळ्या घरात राहणारी नणंद चालते.

पैशांसाठी वेगळं खातं किंवा कौन्सिलचं प्रीपेड कार्ड लागतं. बरीच कौन्सिलं सासूबाईंचा वाटा (खर्चातला त्यांनी स्वतः भरायचा भाग) वजा करून रक्कम भरतात. तो वाटा त्यांनी त्याच खात्यात टाकायचा असतो. तिथे लगेच स्टँडिंग ऑर्डर (ठरलेल्या दिवशी आपोआप पैसे भरण्याची बँकेला सूचना) लावा, नाहीतर दोन महिन्यांत पगाराच्या दिवशी खातं रिकामं दिसतं. उलट साठलेले जादा पैसे कौन्सिल परत घेतं, म्हणून किती आठवड्यांची शिल्लक ठेवता येते ते करारात लिहून घ्या.

सगळ्यात जास्त राहून जातं ते हॉस्पिटलचं. सासूबाई महिनाभर ॲडमिट झाल्या की केअररचं काम थांबतं, पण करारात तास ठरलेले असतील तर पगार थांबत नाही. दोन वर्षं नोकरी झाल्यावर काम कायमचं बंद झालं तर रिडंडन्सीही (काम गेल्याची भरपाई) द्यावी लागते. या दोन्हीचे पैसे कोण देणार, हे सुरुवातीलाच कौन्सिलकडून लेखी घ्या.

हे सगळं झेपणार नसेल तर मॅनेज्ड अकाउंट मागा: पैसे आणि पगार दुसरी संस्था सांभाळते, केअरर मात्र तुम्हीच निवडता. नंतर जमलं नाही तर डायरेक्ट पेमेंट सोडून कौन्सिलनेच व्यवस्था करावी असंही सांगता येतं. केअररचा नोटीसचा काळ तेवढा आधी धरा.