वाचकांचे प्रश्न : जुनी इलेक्ट्रॉनिक वाद्यं बघायला जाताना

प्रश्न : मुलगी स्वित्झर्लंडमध्ये बर्नला असते. डिसेंबरात तिच्याकडे जाणार आहे. जवळच्या फ्रिबूरला जुन्या सिंथेसायझरांचं संग्रहालय आहे, असं ती सांगते. मी देवळात भजनाला पेटी वाजवतो, सिंथला कधी हात लावलेला नाही. तिथं वाजवायला देतात का? दिलं तर सुरुवात कशी करू?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : देतात. बर्नहून फ्रिबूर ट्रेननं वीस-बावीस मिनिटं. बिअरच्या जुन्या कारखान्याच्या आवारात हे संग्रहालय आहे आणि त्यांच्या साठ्यात हजारो वाद्यं आहेत. साठा बघण्याची फेरी वेगळी, निवडक वाद्यं हाताळायची खोली वेगळी. दोन्हींची वेळ आधी ठरवून घ्या. निव्वळ वाजवण्यासाठी दोन तास तरी हवेत. स्वतःचा वायरवाला हेडफोन न्या आणि सोबत ६.३५ मिलिमीटरची जाड पिन घ्या. मोबाइलची बारीक पिन या वाद्यांत बसत नाही.

खोलीत मिनीमूग असेल तर आधी त्याच्याकडे वळा. हे १९७० सालचं वाद्य, ४४ पट्ट्यांचं. आवाजाचं बटण शून्यावर आणून मगच हेडफोन लावा. वाद्य कधी चालू केलं तेही विचारा. आतले ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारे भाग, तापून स्थिर व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तोवर सूर सरकत राहतो. पट्टी न दाबताच एकसारखा सूर येत असेल तर वाद्य बिघडलं असं समजू नका. पांढरी सहाचा संदर्भ-सूर देणारा ‘ए-४४०’ हा स्विच चालू राहिलेला असतो, तो बंद करा.

पेटीवाला अडतो तो पुढे. डाव्या बाजूचा सा करंगळीनं धरून वर पंचम, धैवत घ्यायची आपल्या हाताला सवय. मिनीमूगवर तसं केलंत तर फक्त सा ऐकू येईल, वरचं काहीच वाजणार नाही. हे वाद्य एका वेळी एकच पट्टी मानतं, आणि दोन दाबल्या तर खालची. तेव्हा एक बोट उचलून दुसरं ठेवायचं. उलट याचा फायदाही आहे : वरचा प धरून ठेवा आणि खालच्या सा वर टिचक्या मारा, हाताला न जमणाऱ्या वेगानं सा-प सा-प होतं.

आता तंबोरा लावून बघा. मिक्सरमधले तिन्ही ऑसिलेटर चालू करून निम्म्यावर ठेवा. पहिल्या दोघांची रेंज ८ वर, तिसऱ्याची १६ वर, म्हणजे तो एक सप्तक खाली जाईल. तिसरा पट्टीबरोबर हलत नसेल तर ‘ऑसिलेटर ३ कंट्रोल’चा स्विच बंद असणार. दुसऱ्याचं फ्रीक्वेन्सीचं बटण उजवीकडे जवळजवळ टोकापर्यंत, सात अर्धस्वरांवर न्या, म्हणजे पंचम मिळतो. खुणेवर विसंबू नका, दोन सुरांमधली थरथर थांबेपर्यंत कानानं लावा. मग तेच बटण चारच्या आसपास आणून गंधार लावा. पेटीतला शुद्ध गंधार तंबोऱ्यात आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). हे बटण ठरावीक टप्प्यांवर अडत नसल्यानं तो उतरवून नेमका जुळवता येतो. आमच्या मते एवढ्या एका गोष्टीसाठी पेटीवाल्यानं मिनीमूगपाशी अर्धा तास बसावं.

शेवटी पट्टी धरून फिल्टरचं ‘कटऑफ’ सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवा. वरचे स्वरांश एकेक करून उघडतात, तंबोऱ्याची जवारी आठवेल. ‘एम्फसिस’ मात्र बेतानं वाढवा. फार वर गेलं की फिल्टर स्वतःच शिट्टी मारतो आणि हेडफोनमध्ये ती कानात घुसते. मींड डावीकडच्या चाकावर घ्या. चाकाला स्प्रिंग नाही, सोडलं की आपोआप परत येत नाही. स्वतः मधल्या खाचेत आणून ठेवा, नाहीतर तुमच्यानंतर बसणारा वाद्य बेसूर आहे म्हणून तक्रार करेल.

प्रश्न : बऱ्याच ठिकाणी वाद्यं काचेआड असतात. वाजवून खराब होतात म्हणून का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : हात लागल्यानं झीज होते हे खरं, पण खरी अडचण सुट्या भागांची. रोलंड जुनो-१०६ मधले आवाजाचे मॉड्यूल त्यांच्यावरच्या राळेच्या आवरणामुळेच निकामी होतात आणि मूळ मॉड्यूल आता बनत नाहीत. कॉर्ग पॉलिसिक्समधली चार्ज होणारी बॅटरी गळते आणि खालच्या पट्टिकेवरचं तांबं खाते. ही दोन्ही वाद्यं न वाजवताही बिघडतात.

प्रश्न : अमेरिकेहून आणलेला जुना हॅमंड ऑर्गन घरी आहे. ट्रान्सफॉर्मर लावलाय, तरी सगळे सूर खाली येतात. ट्यून कुठून करायचा?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : तो ट्यून होत नाही. आत विजेच्या आवर्तनांबरोबर फिरणारी मोटर आहे आणि ती फिरवते त्या दातेरी चक्रांतून सूर निघतात. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. सूर तीन अर्धस्वरांहून थोडे जास्तच उतरतात, म्हणजे पांढरी चार दाबली की पांढरी दोनच्याही किंचित खालचा आवाज. म्हणून पट्टी बदलूनसुद्धा पेटीशी जुळत नाही. ६० हर्ट्झ देणारा फ्रीक्वेन्सी कन्व्हर्टर लागेल.

दोन स्विचांचं मॉडेल असेल तर ‘स्टार्ट’ आठेक सेकंद धरा, तो धरूनच ‘रन’ दाबा, आणखी चारेक सेकंदांनी ‘स्टार्ट’ सोडा. घाई केली तर मोटर पूर्ण वेग घेत नाही आणि वाद्य मुकं राहतं. वर्षातून एकदा हॅमंडचं खास तेल घाला, शिलाई मशीनचं नको.

प्रश्न : यामाहा डीएक्स-७ पावसाळ्यात पट्ट्या सोडतो. चवथीच्या आरतीला हवा असतो आणि नेमका तेव्हाच बंद!
– एक वाचक, डिचोली

उत्तर : दमट हवेत कॉन्टॅक्टवर थर धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारं फडकं वापरा, गंज काढायचा फवारा नको. प्लास्टिकचं आवरण काढून सुती घाला, प्लास्टिकखाली ओल कोंडते. जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा अर्धा तास चालू ठेवा, आतली ऊब पुरते. एसी खोलीतून बाहेर आणलात तर तासभर थांबून मग स्विच दाबा. आणि १९८३ च्या या वाद्यातली मूळ बॅटरी अजून तीच असेल तर बदलून घ्या. ती झाळलेली असते. काढताक्षणी आतले ३२ आवाज जातात, म्हणून आधी मिडीवरून, म्हणजे वाद्य संगणकाला जोडायच्या सोयीतून, संगणकावर उतरवा. कारागिराला नवी बॅटरी झाळायला न लावता सीआर-२०३२ चा होल्डर बसवायला सांगा.

प्रश्न : परदेशी जाणं शक्य नाही. भारतात काय बघता येईल?
– एक वाचक, काणकोण

उत्तर : बेंगळुरूचं ‘इंडियन म्युझिक एक्स्पीरियन्स’, २०१९ पासून. तिथला भर मात्र सगळ्या भारतीय संगीतावर आहे, सिंथसाठी म्हणून गेलात तर निराशा होईल. १९७९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनला तोही बेंगळुरूतच. घरात जुना असेल तर भंगारात देऊ नका. डबी उघडून सेल काढा आणि कोरड्या कपाटात ठेवा.