हिवाळ्यात हीटिंगमुळे घर कोरडं पडतं, हवेत ओलावा सुरक्षितपणे कसा वाढवावा?

मिनिआपोलिसमधला तुमचा हा पहिलाच हिवाळा, दीड वर्षाच्या मुलीचं नाक रात्री सुकून कधी रक्त येतं, आणि रेडिएटरवर पाण्याचं भांडं ठेवून भागेल की ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. मी इथे बरेच हिवाळे काढलेत, म्हणून सांगतो.

ह्युमिडिफायरच्या आधी हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला ओलावा मोजणारं यंत्र, घ्या. स्वस्तात मिळतो. बाहेर उणे 10 अंश असताना घनमीटरभर हवेत जेमतेम सव्वादोन ग्रॅम बाष्प मावतं. तीच हवा घरात 22 अंशांपर्यंत तापली की 19 ग्रॅम मावू शकतं, पण बाष्प तेवढंच असतं. म्हणजे सापेक्ष आर्द्रता (मावू शकेल त्याच्या किती टक्के बाष्प हवेत आहे ते) 12 टक्क्यांच्या आसपास. कोकणातल्या नाकाला हे झेपायचं कसं!

अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था ईपीए 30 ते 50 टक्के आर्द्रता ठेवायला सांगते. कडाक्याच्या थंडीत मात्र 30च्या आसपासच थांबा. सकाळी खिडकीच्या काचेवर खालच्या कडेला पाणी साचलेलं दिसलं, की ओलावा जास्त झाला समजा. ते पुसलं नाही तर चौकटीच्या सिलिकॉनवर काळे ठिपके धरतात, तीच बुरशी.

फुकटातले उपाय आधी करा. थर्मोस्टॅट 24 वरून 20 वर आणलात, तर त्याच हवेची आर्द्रता 30 वरून 37-38 टक्क्यांवर जाते, पाण्याचा थेंबही न घालता. धुतलेले कपडे ड्रायरऐवजी घरातच स्टँडवर वाळत घाला. रेडिएटरवरच्या भांड्याने फारसा फरक पडत नाही, आणि रांगतं-धावतं मूल असलेल्या घरात ते नकोच. गॅसवर पातेलं उकळत ठेवून झोपणं तर अजिबात नको.

तरीही कमी पडलं तर बाष्पीभवनाचा ह्युमिडिफायर घ्या, म्हणजे ज्यात पंखा ओल्या फिल्टरवरून हवा सोडतो. हवा ओलसर होत गेली की तो आपोआप मंदावतो आणि पाण्यातले क्षार फिल्टरमध्येच राहतात. अल्ट्रासॉनिक, म्हणजे पाण्याला कंप देऊन थंड धुकं उडवणारा, शांत असतो, पण नळाचं पाणी घातलंत तर टेबलावर पांढरी पूड बसते आणि तीच श्वासातही जाते. त्यात डिस्टिल्ड, म्हणजे क्षार काढलेलं, पाणीच घाला. गरम वाफेचा लहान मुलांच्या खोलीत ठेवू नका, भाजण्याची भीती.

कुठलाही घ्या, टाकी रोज रिकामी करून, पुसून ताजं पाणी भरा. दर तिसऱ्या दिवशी व्हिनेगरने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. टाकीला आतून हात लावल्यावर बुळबुळीत लागलं, तर मशीन त्या रात्री बंद.

पाण्यात मात्र काहीही मिसळू नका. दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरच्या पाण्यात टाकायचं जंतुनाशक 1994 पासून दुकानात मिळत होतं. 2011 मध्ये फुप्फुसं निकामी होण्यामागे तेच असल्याचं उघड झालं, तोवर अनेकांचे जीव गेले होते, त्यात लहान मुलं आणि गरोदर बायका होत्या. फोनवरून आजी कापूर किंवा निलगिरी टाक म्हणेल, तिला 'हो' म्हणा आणि टाकू नका. कापराचं मलमसुद्धा दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नये, असं इथल्या डब्यांवरच छापलेलं असतं.

मुलीच्या नाकात झोपण्याआधी सलाइनचे (नाकात घालायच्या मिठाच्या पाण्याचे) थेंब घाला, त्याने लवकर बरं वाटेल. रक्त वारंवार येत असेल तर पुढच्या भेटीची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.