आज विसरलेली पण ऐकायलाच हवी अशी जुनी डच शास्त्रीय गायिका कोण?

माझं उत्तर यूलिया कुल्प. जन्म 1880, ग्रोनिंगनचा, लहानपणी व्हायोलिन शिकली आणि मग गाण्याकडे वळली, आधी ॲमस्टरडॅम आणि नंतर बर्लिनला गायिका एटेल्का गेर्स्टरकडे शिक्षण. ऑपेराच्या मागे न लागता तिने मैफलीतली जर्मन गाणीच धरली, म्हणजे शूबर्ट, शूमान, ब्राम्स वगैरे, आणि युरोप-अमेरिकेत मोठं नाव कमावलं.

रेकॉर्डिंग ऐकताना एक लक्षात ठेवा, तेव्हा माइक नव्हताच, भोंग्यासमोर उभं राहून गायचं आणि तबकडीच्या एका बाजूला जेमतेम चार मिनिटं मावायची, त्यामुळे पियानो पार लांब कुठेतरी वाजतोय असं वाटतं, पण तिचा आवाज मात्र जवळून येतो, मऊ, दमसास जबरदस्त, एकेक ओळ न तुटता जाते. ओडियन या रेकॉर्ड कंपनीसाठी तिने शूमानचं 'फ्राउएनलीबे उंड लेबेन' अख्खं गायलं, त्या काळात पूर्ण गीतमाला रेकॉर्ड करणं फारच दुर्मीळ! नंतर अमेरिकेत व्हिक्टर कंपनीसाठीही गायली.

1919 ला लग्न झालं आणि ऐन भरात स्टेज सोडलं. ज्यू असल्यामुळे 1938 ला व्हिएन्नाहून हॉलंडला पळावं लागलं. 1970 ला ॲमस्टरडॅममध्ये वारली. सुरुवात शूमानपासूनच करा.